हजार संध्याकाळींतल्या पाचच का आठवतात?

जुनी_वही:
बाबांची नजर गेल्यावर तीन वर्षं मी रोज संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. म्हणजे हजारेक संध्याकाळी. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. परवा आठवायला बसले, तर वेगळ्या अशा पाचच निघाल्या. वीज गेली आणि टॉर्चवर वाचलं ती. माझा घसा बसला म्हणून बाबांनीच जुन्या नोकरीतली हकिगत सांगितली ती. भांडण झालं ती. आणि शेवटच्या दोन. बाकीच्यांची मिळून एकच संध्याकाळ झालीये: खिडकीजवळची खुर्ची, गुडघ्यांवर शाल, आणि 'मोठ्याने वाच गं'. रात्री झोप लागली नाही. माझं लक्षच नव्हतं का तेव्हा? की सगळ्यांचं असंच होतं?

रात्रपाळी:
सगळ्यांचं होतं, ताई. मेरिगोल्ड लिंटन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ पासून सहा वर्षं रोज निदान दोन घटना कार्डांवर लिहिल्या. साडेपाच हजारांवर कार्डं झाली. दर महिन्याला त्यातली काही उचलून त्या स्वतःचीच परीक्षा घ्यायच्या. दूरच्या शहरात त्यांची एक बैठक वारंवार व्हायची. पहिली खेप स्पष्ट आठवायची, पुढच्या खेपा एकमेकींत मिसळून गेल्या. काही कार्डं तर अशी, की आपण हे कशाबद्दल लिहिलंय तेच त्यांना कळेना! रोज लिहिणाऱ्या बाईची ही गत. तेव्हा लक्ष नव्हतं म्हणून नव्हे, तुम्ही रोज गेलात म्हणून त्या संध्याकाळी मिसळल्या. चारदाच गेला असतात तर चारही आठवल्या असत्या.

मी बावीस वर्षं रुग्णालयात रात्रपाळ्या केल्या. वेगळ्या रात्री मोजून वीस-पंचवीस सांगता येतील. पण अंधारात कुठल्या खाटेचं चाक करकरतं, ते अजून सांगेन.

दुपारचा_वाचक:
तारखेने शोधत असाल तर सोडा. विलेम वाखेनार या डच संशोधकाने सहा वर्षांतल्या आपल्या २,४०० घटना कोण, काय, कुठे, कधी अशा नोंदवल्या आणि १९८६ मध्ये निष्कर्ष छापले. नुसत्या 'कधी'वरून त्याला जवळपास काहीच आठवेना, 'काय'वरून सगळ्यात जास्त. आणि साफ पुसल्या गेल्यात असं वाटणाऱ्या काही घटना, तेव्हा सोबत असलेल्यांनी तपशील सांगितल्यावर परत आल्या. त्या खोलीत आणखी कोण येऊन बसायचं? त्यांना विचारा.

साधी_गोष्ट:
विचारा, पण आधी आपलं लिहून काढा. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर हवेतच फुटलं, तेव्हा ती बातमी कशी कळली हे विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं होतं. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं तर अनेकांची हकिगत बदललेली, आणि खात्री मात्र पक्की. ऐकलेलं कधी आपलं होऊन बसतं, कळत नाही.

जुनी_वही:
तुम्ही सांगितलंत तसंच केलं. आधी पाचही लिहून काढल्या, मग धाकट्या बहिणीला फोन लावला. ती अधूनमधून राहायला यायची. ती एवढंच म्हणाली, 'एकदा तू चष्मा विसरून आली होतीस बघ.' त्यावर मिनिटभर काहीच नाही. मग एकदम दिसलं: मी पेपर हात लांब करून धरलाय, नुसते मथळेच वाचता येतायत, आणि प्रत्येक मथळ्याखालची बातमी बाबा मनाने रचून सांगतायत. मंत्र्यांची भाषणंसुद्धा, आवाज काढून. बहीण यातलं काही बोलली नव्हती. मी सांगितलं तेव्हा ती रडायलाच लागली, म्हणाली, 'हो गं, शेवटी हवामानाचा अंदाज पण त्यांनीच दिला होता.'

ते मला अजून आठवत नाहीये. बहीण रविवारी येतेय. तोवर मी ही सहावी लिहून ठेवलीये, हवामानाची जागा कोरी सोडून.