कार्बोरेटर राहू द्या, आधी टाकी बघा
कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल अन् हवा मिसळून देणारा भाग) धुतला की बाइक दोन दिवस चालते आन् परत बंद पडते, मग प्लग बदलायचा का, असा प्रश्न आलाय. पण नुसता स्पार्क प्लग बदलून काय होणार? घाण वरून, टाकीतून येते आहे. आमच्या यवतमाळकडं पावसाळाभर गाडी पडवीत उभी, टाकी अर्धी रिकामी. आताच्या पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. टाकीखालच्या कॉकची (पेट्रोल चालू-बंद करायच्या तोटीची) मेनची नळी उंच, रिझर्व्हचं तोंड तळाला, म्हणून गाडी रिझर्व्हवर घेतली की तळाचं हेच पाणी आधी खाली उतरतं.

कार्बोरेटरच्या बाउलचा (खालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या अन् जरा वेळ ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकीच उतरवा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही मोकळं करा भाऊ, धुळीनं ते बुजलं की सुरू झालेली गाडीही थोड्या वेळात दम तोडते.