मदत हवी आहे: २१४७४८३६४७ मूळ आहे हे ऑयलरने हाताने कसं ठरवलं?

नमस्कार मंडळी,
२^३१ − १, म्हणजे २१४७४८३६४७, ही मूळ संख्या आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. हिचं वर्गमूळ ४६३४० च्या जरा वर. तिथपर्यंत साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत, तेवढे भागाकार कोण करत बसणार? असं वाचलं की विभाजक असलाच तर तो २४८क + १ किंवा २४८क + ६३ याच रूपात असतो (क ही कुठलीही पूर्ण संख्या).

विभाजक ६२क + १ या रूपात असतो, इथपर्यंत माझी गाडी येते. समजा प हा मूळ विभाजक. २ च्या घातांना प ने भागत गेलं तर बाकी १ पहिल्यांदा ३१व्या घाताला येते, कारण ३१ स्वतःच मूळ. मग फर्माच्या छोट्या प्रमेयाने (२^(प − १) ला प ने भागून बाकी १ उरते) प − १ ला ३१ ने भाग जातो. प विषम, म्हणून ६२ नेही जातो. पण ६२ चे २४८ कुठून झाले?

शिवाय सी या संगणकीय भाषेत ३२ बिटी इंटची (पूर्णांक साठवायच्या प्रकाराची) कमाल किंमत हीच. मूळ असण्याशी त्याचा काही संबंध?

प्रतिसाद १
दुसरं आधी: योगायोग. एक बिट चिन्हाला गेला, उरले ३१. सोळा बिटींत ३२७६७ येतात, ते ७ × ३१ × १५१. चौसष्ट बिटींतल्या २^६३ − १ ला तर ७ नेच भाग जातो.

आता २४८. २^३१ ला प ने भागून बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग! म्हणजे कुठल्यातरी वर्गाला प ने भागल्यावर २ उरतात. विषम मूळ प साठी हे तेव्हाच घडतं, जेव्हा प ला ८ ने भागून १ किंवा ७ उरतात. (याची सिद्धता इथे देत नाही, लांबेल. संख्या सिद्धांताच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात असते.) ६२क + १ मध्ये क = ०, १, २, ३ घाला, ८ ने भागून बाक्या १, ७, ५, ३. शेवटच्या दोन बाद. म्हणून चाराच्या टप्प्याने उडी, ६२ × ४ = २४८.

पडताळायला २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ घ्या. दोन्ही २२क + १ च्या रूपातले; ८ ने भागून बाकी ७ आणि १.

४६३४० पर्यंत दोन्ही रूपांचे मिळून ३७२ उमेदवार. त्यातले संयुक्त गाळले की फारच थोडे उरतात.

धागाकर्ता
२^३२ कडे वर्ग म्हणून बघायचं सुचलंच नव्हतं, आभार! २४९ संयुक्त, म्हणून ३११ ने भागलं, बाकी ३५. पुढचा थेट १३०३ का? मधले सगळे फुटतायत.

प्रतिसाद १
हो, १३०३.