स्पेक्ट्रमवर मॅनिक मायनरची कॅसेट लोड होत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, माझ्याकडे ४८के चा झेडएक्स स्पेक्ट्रम (ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, प्रोग्रॅम कॅसेटवरून घेणारा) आहे, रबरी बटणांचा, आणि १९८३ च्या मॅनिक मायनर या गेमची ओरिजिनल कॅसेट. लोड द्यायचं, प्ले दाबायचं, बॉर्डरवर लाल-निळसर जाड पट्टे येतात, प्रोग्रॅमचं नावही दिसतं, मग पिवळे-निळे बारीक पट्टे सुरू होतात आणि दोनेक मिनिटांनी 'आर टेप लोडिंग एरर'. दर वेळी साधारण तिथेच!

कॉम्प्युटर ठीक असावा असं वाटतंय, कारण मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून ऑडिओ फाइल वाजवली की जेटपॅक हा दुसरा गेमच काय, मॅनिक मायनरसुद्धा पहिल्या फटक्यात लोड होतो. मेमरीतले २३७३२ आणि २३७३३ हे पत्ते पीक करून (म्हणजे वाचून) बघितले, दोन्ही मिळून ६५५३५ येतंय, म्हणजे रॅम पूर्ण दिसतेय. टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिलने पुसलं, व्हॉल्यूम अर्ध्यापासून फुल्लपर्यंत फिरवून झाला, ट्रेबल फुल, केबल मोनो, कॅसेट दोनदा पुढे-मागे गुंडाळली. हेडचा तो छोटा स्क्रू (ॲझिमथचा, म्हणजे टेपच्या तुलनेत हेडचा कोन बदलणारा) मात्र अजून हलवला नाही, भीती वाटते, कारण याच रेकॉर्डरवर घरच्या जुन्या कॅसेट ऐकतो.

एम्युलेटर (स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सुचवू नका प्लीज, तो आहेच, मला ही कॅसेटच चालवायचीय. तर एरर दर वेळी एकाच जागी येतो म्हणजे टेपच तिथे खराब झालीय, की ॲझिमथ बिघडला तरी असं होऊ शकतं? आणि स्क्रू न हलवता हे ओळखायचं कसं?