तुमच्या कामात नेमकी कुणाची गाठ घ्यायला हवी होती, हे तुम्हाला कसं कळलं? अनुभव सांगा

मी गेली अकरा वर्षं सातारा जिल्ह्यात पाणलोटाचं काम करतोय, जास्त करून माण आणि खटावला. आमच्या प्रत्येक प्रपोजलमध्ये स्टेकहोल्डरचा एक तक्ता असतो. त्याचं मराठी करताना लोक भागधारक लिहितात, मग गावात वाटतं कुठल्यातरी सोसायटीचे शेअर निघालेत. गावातला साधा शब्द आहे, ज्याचा संबंध येतो तो. तो माणूस सुटला की काम कसं बिघडतं ते मी बघितलंय म्हणून हे विचारतोय.

२०१७ चा उन्हाळा. आदल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं वॉटर कप, म्हणजे गावांची जलसंधारणाची स्पर्धा, जिंकलेला, त्यामुळं आजूबाजूच्या सगळ्या गावांत वारं होतं. आम्ही खटावमधल्या एका गावात ओढा खोलीकरण घेतलं, सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, तरुण मंडळ, बचत गट, सगळ्यांच्या बैठका झाल्या, ग्रामसभेचा ठराव झाला, पोकलेन लागला. ओढा बारा फूट खोल, कडा उभ्या, अगदी तासल्यासारख्या. जूनमध्ये पाणी साठलं आणि आठच दिवसांत फोन आला की दोन मेंढ्या बुडाल्या.

गावात धनगरांची वीसेक घरं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन बाहेर पडतात, कुणी कोकणात कुणी कृष्णाकाठाला, ते पाऊस लागतानाच परत येतात. म्हणजे २६ जानेवारी आणि १ मे, दोन्ही ग्रामसभांना ते गावात नव्हतेच. ज्या उतारावरनं त्यांचा कळप वर्षानुवर्षं पाण्याला जायचा तो उतार आम्ही कापून टाकलेला. मी गेलो तेव्हा एक आजी कडेला बसल्या होत्या, हातात मेंढीच्या गळ्यातली घुंगराची दोरी, ओलीच होती अजून. एवढंच म्हणाल्या, "आमास्नी इचारायचं हुतं की रं बाळा."

नंतर दोन ठिकाणी उतार करून घेतले, जागा त्या लोकांनीच दाखवल्या. तेव्हापासनं मी तक्ता भरायच्या आधी विचारतो, आज गावात कोण नाही?

आरोग्यसेविका, वाळवा तालुका

दादा, माझं तुमच्या उलट आहे, मला विचारावं लागतं की गावात कोण आलंय. दिवाळीच्या सुमाराला बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, शिवारात कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात, आणि त्यांची पोरं आमच्या कुठल्याच यादीत नसतात. पहिल्या वर्षी मी रीतसर अंगणवाडीत लसीकरण लावलं, सकाळी अकराला, आशाताई कोपीकोपीवर निरोप देऊन आल्या आणि एकही बाळ आलं नाही. मीटिंगमध्ये बोललं गेलं की हे लोक उदासीन आहेत. मला फार लागलं ते. पहाटे चारला उसाच्या फडात गेलेली बाई अकरा वाजता बाळ घेऊन कशी येणार, तिच्या मागं कोपीत सात-आठ वर्षांची मोठी पोरगी, तीच धाकट्याला सांभाळते.

मग आधी टोळीच्या मुकादमाला भेटले. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, त्यांनी उचल घेतलेली असते, एक दिवस कोयता थांबला की उचल फिटायला तेवढा उशीर, त्यामुळं मुकादम दिवसा कुणाला सोडायला तयार नाही आणि बायकासुद्धा स्वतःहून खाडा करत नाहीत. मी म्हटलं खाडा नको, संध्याकाळी येते, तर लगेच हो म्हणाला. दुसरा माणूस म्हणजे कारखान्याचा चिटबॉय, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा, टोळी उद्या कुठल्या फडात जाणार हे त्याला आजच माहीत असतं. त्याचा नंबर माझ्या डायरीत पहिल्या पानावर आहे. आता आम्ही अंधार पडताना जातो, ट्रॅक्टरची लाईट लावून देतात, चुलीवर भाकरी चाललेली असते तिथंच बसून लस देतो.

एक मात्र मला उशिरा सुचलं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. म्हणजे पहिला इथं उसात पडला तर दुसऱ्याच्या वेळी बाळ बहुतेक गावाकडं. मग तिकडची आशाताईपण माझ्या कामातली झाली की. कार्ड हरवतं, म्हणून मी आईच्या फोनमध्ये कार्डाचा फोटो काढते आणि तिच्या गावच्या आशाताईंना मीच फोन लावते. त्यातल्या तीन-चारजणी आता दिवाळीच्या आधी मला स्वतःहून फोन करतात, ताई आमच्याकडनं एवढी बाळं निघालीत म्हणून.

फाउंड्रीवाला, कुपवाड

वर्कशॉपमधलं चालेल ना? मी क्वालिटीला होतो एका फाउंड्रीत, रेट्यात काम चालायचं. रात्रपाळीच्या कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वाफेनं पडणारी भोकं, जास्त यायचे, कस्टमर माल परत पाठवायचा. आम्ही प्रॉडक्शन, मेंटेनन्स, परचेस, बेंटोनाइटचा (साच्याची वाळू धरून ठेवणारी माती) सप्लायर असे सगळे बसायचो दर सोमवारी, चार महिने बसलो, प्रत्येकजण आपला चार्ट दाखवायचा. वाळूच्या मिक्सरवर रात्री एक मामा असायचे, कंत्राटी, त्यांना त्या खोलीत कुणी कधी बोलवलं नाही. मीपण नाही, हे कबूल करतो.

एकदा बस चुकली म्हणून रात्री थांबलो आणि मिक्सरपाशी उभा राहिलो. मामा वाळू मुठीत दाबायचे, मूठ उघडायचे, ढेकूळ मोडून बघायचे आणि पाणी सोडायचे. मी विचारलं आज पाणी जास्त का, तर म्हणाले साहेब हात लावून बघा. वाळू गरम होती! दिवसभर साचे ओतून तीच वाळू फिरत राहते, रात्रीपर्यंत गार व्हायला वेळच मिळत नाही, गरम वाळू हाताला कोरडी लागते म्हणून ते पाणी वाढवायचे आणि तो ओलावा पुढं साच्यात वाफ होऊन भोकं पाडायचा. मामांनी दोनदा सुपरवायझरला सांगितलेलं की वाळू तापतीय, तो म्हणाला तुमचं काम करा.

पुढचा सोमवार आम्ही मिक्सरजवळच उभ्यानं घेतला, मामांची पाळी संपायच्या आत, सकाळी साडेसहाला. वाळू पसरून गार करायला जागा काढली, ओलावा मोजायचा मीटर मामांच्या हातात दिला, रिजेक्शन उतरलं. मामांना त्या वर्षी कायम करावं म्हणून मी लिहून दिलं होतं, ते झालं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आटपाडीकर

माझं मत थोडं वेगळं आहे. सगळ्यांना बोलवायच्या नादात पण काम अडतं. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यावर आमच्याकडं पाणी वापर संस्था करायची ठरली, २००५ च्या कायद्यानं. पहिल्या सभेला दीडशे माणूस, तीन तास नुसता गोंधळ, वरच्या अंगाचे मोठ्यानं बोलणारे आणि टेलचे, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचे, लोक मागं भिंतीला टेकून गप्प. मग मी सभा बंद केल्या आणि टेलच्या चार शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन बसलो, सोबत पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी. पाणी टेलपासनं वर द्यायचं, हे त्या चौघांनी आणि पाटकऱ्यानं मिळून कागदावर मांडलं, कुणाला किती तास ते पण. तो कागद घेऊन एकेक घर केलं, शेवटी सभा. सभा वीस मिनिटांत संपली. बोलवायचे सगळे, पण शेवटी, असं माझं म्हणणं.

गुरुजी, कराड तालुका

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं २०२२ ला संध्याकाळी सातचा भोंगा लावून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद सुरू केलं, ते ऐकून आम्हीपण आमच्या गावात केलं. भोंगा वाजायचा आणि निम्मी पोरं रस्त्यावर, हातात किटली. आमच्या डेअरीचं संध्याकाळचं संकलन सातलाच असतं हो, आणि दूध घालायला पोरंच जातात. पालकसभा घेतली होती, माता पालक संघ होता, पण डेअरीच्या सचिवाला शाळेत कोण बोलवणार. त्यांना जाऊन भेटलो तर म्हणाले गुरुजी, टेम्पो आठला येतो, मी पोरांचं दूध साडेसहाला आधी घेतो की. बास, एवढंच होतं. त्यांची नात दुसरीत आहे, ती आता भोंगा वाजायच्या आत आजोबांना डेअरीतनं घरी ओढून आणते.

पलूस

थोडक्यात लिहिते. २०१९ च्या पुरात आमच्या गावात लोक घर सोडायला तयार नव्हते. बोटी आल्या, अधिकारी आले, घरातल्या कर्त्या पुरुषाला समजावत राहिले. आमच्याकडं गोठा बाईचा असतो, म्हशी सोडून ती हलणार नाही आणि ती हलली नाही की घर हलत नाही. २०२१ ला पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याला जायची वाटच बघितली नाही, बचत गटाच्या बायकांनी आधी जनावरं कुठं बांधायची ते ठरवलं, वैरणीसकट. म्हशी गेल्या, मागनं माणसं आपोआप.

पाणलोटवाला

पलूसच्या ताई, ती जनावरं कुठं बांधली होती आणि वैरण कुणी दिली, जरा सविस्तर लिहाल का? आमच्याकडं टंचाईत छावणी लागते तेव्हा हेच सगळं पुरुष ठरवतात. आणि आटपाडीकर, तुमचा तो तासांचा कागद असला तर बघायचाय. मी येत्या आठवड्यात एका गावात ओढ्याची आखणी करायला चाललोय, तिथले वाडे सध्या कृष्णाकाठाला आहेत, दोघांचे नंबर मिळालेत. आधी त्यांच्या वाड्यावर जाऊन येतो, मग गावात.