केपटाउन-डर्बनला जहाजं नेमकी अडतात कुठे?

प्रश्न
जागतिक बँकेच्या २०२३ च्या कंटेनर बंदर निर्देशांकात ४०५ बंदरांत दक्षिण आफ्रिकेचं केपटाउन शेवटचं, तिथलंच डर्बनही तळातच. केपटाउनचं खापर वाऱ्यावर फोडतात. मग डर्बनचं काय? क्रेन तर दोन्हीकडे आहेत. आणि केपटाउनहून द्राक्षांचा रीफर (थंडावा राखणारा कंटेनर) काढायचा तर काय सांभाळायचं?

प्रतिसाद १
क्रेन मोजू नका, क्रेनखाली धावणारी यंत्रं मोजा. डर्बनच्या पिअर २ या कंटेनर टर्मिनलवर धक्का ते यार्ड (डबे रचून ठेवायची जागा) ही ने-आण स्ट्रॅडल कॅरियर, म्हणजे डब्याला वरून कवेत घेऊन धावणारी उंच यंत्रं, करतात. एका क्रेनमागे तीन-चार तरी हवेत. दोनच चालू असले की उतरवलेले डबे क्रेनच्या पायांमध्ये साचतात, जागा संपते आणि पुढचा डबा स्प्रेडरला, म्हणजे डबा पकडणाऱ्या क्रेनच्या चौकटीला, लटकत राहतो. क्रेन धडधाकट, ऑपरेटर हजर, काम ठप्प.

हिशोब करून बघा. २,००० मूव्ह (एक डबा चढवणं किंवा उतरवणं म्हणजे एक मूव्ह), तीन क्रेन. क्रेनमागे तासाला २८ मूव्ह पडले तर २४ तासांत जहाज मोकळं. १६ पडले तर ४२ तास. हे १८ तास नांगरावरच्या पुढच्या जहाजाच्या माथी, आणि तसेच त्याच्या मागच्याच्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये साठ हजारांवर कंटेनर समुद्रात अडकले ते अशाच साचलेल्या उशिरातून.

कॅरियर बंद का, तर सुटे भाग. ही बंदरं चालवणारी ट्रान्सनेट सरकारी कंपनी. यंत्रं टेंडरने येतात, पण मूळ उत्पादकाशी देखभालीचा करार नसला की एका हायड्रॉलिक पंपासाठी अख्खं यंत्र उभं.

प्रतिसाद २
यंत्रांचं बरोबर, पण गेटबाहेरचंही बघा. रेल्वेवर केबलचोरी आणि इंजिनांचा तुटवडा, म्हणून माल रस्त्यावर; डर्बनला तो बराचसा एकट्या बेहेड रोडवरून. डबे वेळेत उचलले नाहीत की थप्प्या उंच होतात, आणि खालचा एक काढायला वरचे तीन हलवावे लागतात. जुलै २०२३ मध्ये पिअर २ साठी भागीदार म्हणून आयसीटीएसआय या फिलिपिन्सच्या बंदर कंपनीची निवड झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. नवा भागीदार यंत्रं आणेल, रेल्वे नाही आणणार.

प्रतिसाद ३
केपटाउनचा वारा ही सबब नाही. उन्हाळ्यातला आग्नेय वारा, तिथला 'केप डॉक्टर', नेमका द्राक्षांच्या हंगामात सुटतो. लटकता डबा झुलायला लागला की स्प्रेडर कोपऱ्यांवर बसत नाही, काम थांबवावंच लागतं. निर्देशांक जहाजाचा बंदरातला वेळ मोजतो, वाऱ्याची सूट देत नाही. मात्र वारा पडल्यावर साचलेलं काम उरकायला यंत्रं पुरत नाहीत, तो दोष माणसांचा.

रीफरचं म्हणाल तर शीतगृहातून डबा भरण्याआधी त्याच दिवशी स्टॅकच्या, म्हणजे त्या जहाजासाठी टर्मिनल डबे आत घेतं त्या मुदतीच्या, तारखा पुन्हा तपासा. जहाज सरकलं की स्टॅकही सरकतो आणि ट्रक गेटवरून परत येतो. रस्त्यात क्लिप-ऑन जेनसेट (डब्याला अडकवायचा वीज जनरेटर) हवाच. रीफर थंडावा टिकवतो, गरम माल थंड करायला तो बनलेला नाही. म्हणून गर उणे ०.५ अंशाला आल्याशिवाय भरू नका. टेंपरेचर लॉगर (तापमान नोंदवणारं छोटं यंत्र) दाराजवळच्या पॅलेटमध्ये ठेवा, हवा तिथेच सगळ्यात गरम असते.

प्रश्नकर्ता
स्टॅक पुढे गेला तर जादा दिवसांच्या विजेचं बिल कुणाचं?

प्रतिसाद ३
बुकिंगच्या अटींत नसेल तर बहुतेक तुमचंच. जहाजाने केपटाउनला न थांबता ते गाळलं तर डबा कुठून चढणार आणि तिथवरचा खर्च कुणाचा, हेही बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.