जादूची बालपुस्तकं: वेगळं कपाट करावं का?

प्रश्न | वाचनकट्टा

६ ते १३ वर्षांच्या मुलांच्या वाचनालयासाठी पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आहे. काही पालकांनी लेखी मागणी केली आहे की जादूगार, चेटकिणी, मंत्र, राक्षस असलेली सगळी पुस्तकं वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवावीत आणि पालकांची सही असलेली चिठ्ठी आणली तरच मुलांना द्यावीत. त्यांचे आक्षेप असे: मुलांची खऱ्याखोट्यात गल्लत होते आणि अंधश्रद्धा मनात बसते, रात्री झोप मोडते, आणि पुस्तकातलं करून बघायच्या नादात इजा होते. शिक्षकांचं म्हणणं नेमकं उलट आहे. जाडजूड पुस्तक पहिल्यांदा हातात घेण्याचं धाडस मुलं याच गोष्टींमुळे करतात, असं ते सांगतात.

"चांगली" किंवा "वाईट" असं एका शब्दातलं उत्तर मला नको आहे. कुठल्या वयात नेमकं काय होतं? पुस्तक आधी तपासायचं तर कसं? आणि कपाट वेगळं करावं का?

प्रतिसाद १ | मनोवेध

गल्लतीच्या आक्षेपापासून सुरुवात करू, कारण बाकीचे दोन त्याच्याच आधाराने उभे राहतात.

तीन-चार वर्षांच्या मुलाला मनातला कुत्रा आणि अंगणातला कुत्रा यांतला फरक कळतो. मनातल्या कुत्र्याला हात लावता येत नाही, हे ते सांगू शकतं. तरीही त्याला भीती वाटते, आणि मोठ्यांचा गोंधळ होतो तो इथेच. पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४ आणि ६ वर्षांच्या मुलांना रिकामा खोका दाखवला आणि त्यात राक्षस आहे अशी कल्पना करायला सांगितलं. खोका रिकामा आहे हे मुलांना माहीत होतं, ती तसं म्हणतही होती. पण खोक्याजवळ एकटं राहायची वेळ आली तेव्हा काही मुलं कचरली, आणि "आत खरंच काही असेल का" असं मनात आल्याचं अनेकांनी नंतर कबूल केलं. म्हणजे समज पक्की असूनही भावना तिला जुमानत नाही. म्हणून पाच वर्षांच्या मुलाला "अरे, ते खरं नसतं" असं दहादा सांगूनही उपयोग होत नाही. ते त्याला आधीच माहीत असतं.

या वयात उपयोगी पडतं ते शरीराला धीर देणारं काही: जवळ बसणं, दिवा लावणं, तेच चित्र दिवसा उजेडात, मुलाच्या हातात पुस्तक देऊन, त्याला हवं तेवढाच वेळ पाहू देणं. साधारण सात-आठ वर्षांनंतर समजावण्याचा उपयोग होऊ लागतो. भीतीचा विषयही तेव्हा बदलतो. लहान मुलं दिसण्याला घाबरतात (सुळे, लाल डोळे, अचानक बदलणारा चेहरा), मोठी मुलं घडू शकणाऱ्या गोष्टींना. आई हरवणं, मित्राने दगा देणं, मरण. चित्रांत एकही राक्षस नसलेलं पुस्तक दहा वर्षांच्या मुलाला रात्रभर जागं ठेवू शकतं, त्याचं कारण हे.

अंधश्रद्धेबद्दल कॅथलीन कॉरिव्हो आणि सहकाऱ्यांनी ५-६ वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास पाहावा. ज्या मुलांना घरी किंवा शाळेत चमत्काराच्या कथा खऱ्या म्हणून सांगितल्या जात होत्या, ती मुलं जादूच्या नव्या गोष्टीतलं पात्रही खरं असू शकेल असं जास्त वेळा म्हणाली. बाकीच्या मुलांनी तेच पात्र काल्पनिक ठरवलं. यावरून कोणाच्या श्रद्धेवर बोट ठेवायचं कारण नाही. मला त्यात दिसतं ते एवढंच की काय खरं मानायचं हे मूल मोठ्यांच्या बोलण्यावरून ठरवतं. जादूची कादंबरी स्वतःला कादंबरीच म्हणवते, तिच्याबद्दल मी निश्चिंत आहे. मात्र माहितीपर पुस्तकाच्या वेषात "या मंत्राने परीक्षेत यश मिळतं", "या खड्याने आजार बरा होतो" असं सांगणारं काही आलं असेल, तर ते मुलांच्या शेल्फवरून आजच काढा. खरा धोका तिथे आहे.

प्रतिसाद २ | शब्दसखी

फायद्याचा दावाही तोलून मापूनच करायला हवा, म्हणून दोन्ही बाजू मांडते.

शब्दसंग्रहाला फायदा होतो, याला आधार आहे. डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात शाळापूर्व वयाच्या मुलांना काही पुस्तकं वास्तव विषयाची आणि काही ड्रॅगनसारख्या अद्भुत विषयाची वाचून दाखवली आणि नंतर त्याच विषयाच्या खेळण्यांशी खेळवलं. नवे शब्द दोन्हीकडे आले, अद्भुत विषयाच्या बाजूला अधिक. पण गोष्टीतल्या पात्राने अडचण कशी सोडवली ते पाहून स्वतःची अडचण सोडवायची असेल, तर त्याच वयाच्या मुलांना माणसांच्या साध्या गोष्टींतून ते लवकर जमतं, असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. तेव्हा भाषेसाठी जादू जरूर द्या. रस्ता ओलांडणं, अनोळखी माणसाशी वागणं, औषधाच्या बाटलीला हात न लावणं हे शिकवायला मात्र साधीसुधी, माणसांची गोष्ट घ्या. बोलक्या सशाने शिकवलेली शिस्त सशापाशीच राहते.

पूर्वग्रहांबद्दलचा इटलीतला अभ्यास (व्हेझाली आणि सहकारी, २०१५) पुष्कळदा अर्धवट सांगितला जातो. पाचवीच्या ३४ मुलांबरोबर सहा आठवडे हॅरी पॉटरमधल्या उताऱ्यांवर लहान गटांत चर्चा झाली. स्थलांतरितांबद्दलचं मत सुधारलं, पण ज्यांनी भेदभावाचेच उतारे वाचले आणि ज्यांना नायक आपलासा वाटला त्यांचं. मुलं थोडी होती, आणि सोबत बोलणारं एक मोठं माणूस होतं. पुस्तक नुसतं हातात दिल्याने हे आपोआप घडेल असं त्यातून निघत नाही.

आता पुस्तक तपासण्याची रीत. पूर्ण वाचायला वेळ नसतो, पण अर्धा तास पुरतो. पहिलं प्रकरण, मधलं कुठलंही एक आणि शेवटची दोन वाचा. शेवटची दोन कधीच सोडू नका, कारण लेखकाची जादूकडे पाहण्याची दृष्टी तिथे उघडी पडते. सगळ्यात आधी मी एकच गोष्ट शोधते: जादूला मर्यादा आहे का आणि तिची किंमत कोण मोजतं?

समजा, एका मुलीला वेळ थांबवणारं घड्याळ मिळालं. एका पुस्तकात ती परीक्षेत घड्याळ थांबवते, उत्तरं पाहून लिहिते, पहिली येते, सगळे टाळ्या वाजवतात. दुसऱ्या पुस्तकात थांबवलेल्या दर मिनिटामागे तिच्या दिवसातली एक आठवण पुसली जाते. धाकट्या भावाला पडताना वाचवायचं तर आज सकाळी आजीशी झालेलं बोलणं जाणार, हे तिला माहीत असतं, आणि तरी तिला ठरवायचं असतं. घड्याळ दोन्हीकडे तेच. दुसऱ्या पुस्तकात जादूमुळे निर्णय अवघड होतो, आणि मूल तो निर्णय तिच्याबरोबर घेऊन पाहतं. पहिलं पुस्तक मला घातक वाटत नाही, पोकळ वाटतं. मर्यादित पैशात निवड करायची असेल तेव्हा ते मागे ठेवावं.

मग दुष्ट पात्र कसं रंगवलंय ते पाहा. दुष्टपणा दाखवायला दरवेळी कुबड, काळा रंग, लंगडा पाय किंवा एकटी राहणारी म्हातारी बाई वापरली असेल, तर ते नुकसान मंत्रांपेक्षा कितीतरी खोल आहे आणि त्यावर कोणी तक्रारही करत नाही. मुलाला चेटूक खरं वाटत नाही, पण एकट्या म्हातारीबद्दलचा संशय मनात राहून जातो.

मालिकांबद्दल एक इशारा. पहिला भाग ज्या वयाला शोभतो त्याला सातवा शोभेलच असं नाही. हॅरी पॉटरचे सात भाग १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आले. नायक ११ वर्षांचा असताना गोष्ट सुरू होते आणि तो १७ चा असताना संपते. पहिले वाचक त्याच्याबरोबर मोठे होत गेले. आज सगळे भाग शेल्फवर एका रांगेत असतात आणि आठ वर्षांचं मूल एका सुट्टीत चौथ्या भागातल्या विद्यार्थ्याच्या मृत्यूपाशी येऊन पोचतं. मूळ ब्रिटिश आवृत्तीचा पहिला भाग २२३ पानांचा, पाचवा ७६६ पानांचा. नुसत्या आकारावरूनही वाचकाचं वय बदलल्याचं लक्षात येतं. म्हणून वयाची चिठ्ठी मालिकेला न लावता प्रत्येक भागाला वेगळी लावा.

प्रतिसाद ३ | वाचनकट्टा

दोघांचेही आभार. समजा पुस्तक योग्य निवडलं, तरी झोप मोडते आणि उद्योग होतात, त्याचं काय? पालकांना हातात देता येईल असं काही हवं आहे.

प्रतिसाद ४ | प्रयोगवही

झोपेबद्दल आधी वेळ विचारा. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळून उठतं, ओळख देत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तर ती बहुधा रात्रभीती असते. अपुरी झोप, ताप, थकवा ही तिची नेहमीची कारणं, पुस्तकावर खापर फोडून उपयोग नाही. पहाटेकडे जाग येऊन मूल स्वप्न सांगत असेल, तर ते दुःस्वप्न, आणि त्यात काल वाचलेलं डोकावू शकतं.

त्यावर उपाय वाचण्याच्या पद्धतीत आहे. प्रकरणाचा शेवट लेखकाने मुद्दाम अडकवून ठेवलेला असतो: दार करकरतं, दिवा विझतो, प्रकरण संपतं. झोपताना तिथे थांबू नये. पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचून दारामागे कोण होतं ते कळू द्यावं आणि मग पुस्तक मिटावं. थरारक भाग दुपारी, रात्रीसाठी शांत भाग. एका बैठकीला १५-२० मिनिटं पुष्कळ झाली. मूल म्हणालं "बंद कर", तर त्याच क्षणी बंद. "पुढे छान आहे" म्हणून ओढू नये. पुस्तक बाजूला ठेवताना "हे तुझ्यासाठी वाईट आहे" असं म्हणू नका, "पुढच्या वर्षी वाचू" म्हणा. भीती दोन-तीन आठवडे टिकली, मूल शाळा टाळू लागलं किंवा जेवणाखाण्यावर परिणाम झाला, तर बालसमुपदेशकाकडे जावं.

उद्योगांपैकी मला सर्वांत जास्त काळजी वाटते "जादूचा काढा" या खेळाची, आणि पालक मात्र उडण्याबद्दलच विचारतात. बाथरूममधल्या बाटल्या रंगीत असतात, वासाच्या असतात, काढ्याला अगदी साजेशा. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात संडास साफ करायचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो, अमोनिया असलेलं क्लीनर पडलं की क्लोरामाइन. दोन्ही श्वासाला घातक आहेत आणि बंद बाथरूममध्ये थोडं मिश्रणही पुरतं. तसं झालं तर मुलाला आधी मोकळ्या हवेत न्यावं, मिश्रणावर आणखी काही ओतू नये, खोकला किंवा दम लागला तर लगेच डॉक्टर गाठावा. या बाटल्या पुस्तक घरात असो-नसो, कुलपातच हव्यात.

नुसतं "करू नको" म्हणण्यापेक्षा काढ्याचं सुरक्षित सामान द्या. उघड्या मोठ्या वाटीत १ चहाचा चमचा खाण्याचा सोडा, त्यावर २ मोठे चमचे व्हिनेगर, की फसफसतं. हा कार्बन डायऑक्साइड, म्हणून झाकणाच्या बाटलीत कधीही करू नये. दाब वाढून बाटली फुटते. रंगबदलासाठी अर्धा कप पाण्यात पाव चमचा हळद ढवळा. चिमूटभर सोड्याने रंग थोडा गडद, लालसर होतो. साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो लालभडक होतो, पण ते मोठ्यांनी घालायचं. पुरेसं व्हिनेगर ओतलं की पुन्हा पिवळा. वर डोळ्यांना चष्मा, हात धुणं, आणि "कुठलाही काढा प्यायचा नाही" हा नियम. "असं का झालं?" हा प्रश्न मुलं इथे आपणहून विचारतात.

उडण्यासाठी एकच नियम: उड्डाण जमिनीवरूनच, पलंग-खुर्ची-कठड्यावरून नाही. केप गळ्याला नाडीने बांधायची नाही, खांद्याला वेल्क्रोने लावायची, म्हणजे कुठे अडकली तर सुटेल. छडी कागदाची गुंडाळी करून घ्यावी, टोकदार काडी नको.

प्रतिसाद ५ | कायदेपान

चिठ्ठीच्या मागणीबद्दल. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २००० ते २००९ या दशकातल्या यादीत सर्वाधिक आक्षेप आलेली पुस्तकं म्हणून हॅरी पॉटरची मालिका पहिल्या क्रमांकावर होती. तिथल्या आर्कान्सा राज्यात सीडरव्हिल इथल्या शाळा मंडळाने नेमका हाच उपाय केला होता: पुस्तकं खुल्या शेल्फवरून काढून पालकांच्या लेखी परवानगीनेच द्यायची. २००३ मध्ये संघीय न्यायालयाने ती पुन्हा खुल्या शेल्फवर ठेवायला लावली. तो निकाल आपल्याला बांधील नाही, पण त्यामागचा मुद्दा कुठल्याही वाचनालयाला लागू पडतो: परवानगी असली तरी कुलूपबंद पुस्तक मागणाऱ्या मुलावर शिक्का बसतो, आणि मागायचीच लाज वाटेल असं मूल पुस्तक मागतच नाही.

पालकाला स्वतःच्या मुलापुरता अधिकार जरूर द्यावा. मुलाच्या कार्डावर "अमुक वयोगटापर्यंतच" अशी नोंद त्या पालकाच्या सहीने करून घ्या. दुसऱ्यांच्या मुलांसाठी मात्र एका पालकाने ठरवू नये. पुस्तकाच्या मागच्या आतल्या पानावर दोन ओळींची टीप चिकटवा: "पालकांपासून ताटातूट, एका पात्राचा मृत्यू (प्रकरण १४)". ही टीप जादूच्याच नव्हे, सगळ्याच पुस्तकांना लावा. नाहीतर प्राण्याच्या मृत्यूची वास्तववादी कादंबरी बिनटीप जाईल आणि परीकथेला इशारा लागेल.

प्रतिसाद ६ | वाचनकट्टा

वेगळं कपाट करणार नाही. कार्डावरची नोंद आणि मागच्या पानावरची टीप या दोन गोष्टी पुढच्या बैठकीत मांडते. मालिकांच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र वयोगट द्यायचं काम सुट्टी लागण्याआधी व्हायला हवं, कारण तेव्हाच मुलं सगळे भाग एकदम घरी नेतात. शब्दसखी, दुष्ट पात्र कसं रंगवलंय याची नोंद टीपेत कशी लिहावी? "लंगडा पाय" असं लिहिलं तर पालकांना संदर्भ कळणार नाही.

प्रतिसाद ७ | शब्दसखी

ते टीपेत लिहू नका, खरेदीच्या वेळीच वापरा. आधीपासून शेल्फवर असलेल्या पुस्तकांसाठी गटवाचनात एक प्रश्न ठेवा: "ही बाई दुष्ट आहे हे तुला कुठल्या पानावर कळलं, आणि तोवर तिने काय केलं होतं?" नऊ-दहा वर्षांची मुलं पानं मागे उलटून शोधतात आणि तिने तोवर काहीच केलेलं नसेल, तर त्यांच्या ते बरोबर ध्यानात येतं.