मदत हवी आहे: शो जंपिंगचा तयार घोडा विकला गेल्याने संघाचे खरेच नुकसान होते का, आणि सामायिक मालकीचा करारनामा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरातील चौघे जण एका घोड्याचे सामायिक मालक आहोत. शर्यतींतून निवृत्त झालेला हा थरोब्रेड आम्ही हौसेखातर घेतला, माझ्या भाचीने प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली त्याला शो जंपिंगसाठी (स्वारासह अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या खेळासाठी) तयार केले, आणि आता तो सव्वा मीटरच्या अडथळ्यांवर भरवशाचा झाल्यावर बंगळुरूच्या एका खरेदीदाराने त्याला चांगली मागणी घातली आहे. दोघे भागीदार विक्रीस तयार आहेत, भाचीचे वडील अजिबात तयार नाहीत आणि निर्णायक मत माझे आहे. बोलता बोलता वाद आमच्या पागेपुरता राहिला नाही. "तयार झालेला प्रत्येक घोडा असाच विकला गेला, तर राज्याचा काय आणि देशाचा काय, संघ उभा राहणार कधी?" असे मेहुण्यांनी विचारले, त्यावर "घोडे विकत घेऊनच तर देश पदके मिळवतात" असे दुसऱ्या भागीदारांनी सुनावले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असल्यामुळे मला मत देणे कठीण झाले आहे.

माझ्या वाचनातून जे हाती लागले ते आधी मांडतो, म्हणजे जाणकारांना दुरुस्ती करणे सोपे जाईल.

ऑलिम्पिकमध्ये उतरणारा घोडा किमान ९ वर्षांचा असावा लागतो आणि तेथील अडथळे १.६० मीटरच्या पुढे जातात. तीन-चार वर्षांच्या घोड्यावर खोगीर चढल्यापासून त्या उंचीपर्यंत पोहोचण्यात पाच-सहा वर्षे सहज जातात, आणि पोहोचणारे मुळात मूठभरच असतात. त्यात पूर्वी संघात चार स्वार असत व सर्वांत वाईट कामगिरी सोडून दिली जाई. टोकियो ऑलिम्पिकपासून संघ तिघांचा झाला आणि तिघांचेही दोषांक (दांडी पाडणे वगैरे चुकांबद्दलचे गुण) धरले जाऊ लागले. म्हणजे एका घोड्याची उणीव झाकण्याची जी सोय पूर्वी होती, ती आता राहिलेली नाही. शिवाय ऑलिम्पिकसाठी घोड्याचा मालक स्वाराच्याच देशाचा असावा लागतो आणि त्याची मुदत त्या वर्षाच्या जानेवारीच्या सुमारास संपते. त्यामुळे मोठ्या खरेदी-विक्रीचा जोर आधीच्या वर्षी असतो, आणि विकणाऱ्या देशाला दुसरी जोडी तयार करण्यास पुरेसा वेळ उरत नाही.

विक्रीने संघ खिळखिळा होतो असे म्हणणारे टोटिलासचे उदाहरण देतात. तो शो जंपिंगचा नव्हे, ड्रेसाजचा, म्हणजे ठरलेल्या चालींच्या कवायतीचा घोडा. परंतु उदाहरण बोलके आहे. २०१० मध्ये केंटकी येथील जागतिक स्पर्धेत एडवर्ड गाल या डच स्वाराने त्याच्यावर तीन सुवर्णपदके मिळवली, त्यांत संघाचेही सुवर्ण होते. त्याच वर्षी घोडा जर्मनीत विकला गेला. पुढच्या वर्षी युरोपीय स्पर्धेत नेदरलँड्सचा संघ कांस्यपदकावर घसरला; पण टोटिलास ज्यांच्याकडे गेला त्या जर्मनीलाही सुवर्ण मिळाले नाही, ते ब्रिटनने नेले. लंडन ऑलिम्पिकला तर नवा स्वार आजारी पडल्यामुळे तो घोडा उतरलाच नाही. विकणाऱ्याचे गेले आणि घेणाऱ्याच्या हाती फारसे लागले नाही, असा हा व्यवहार ठरला.

याच्या उलट बाजूही तेवढीच भक्कम आहे. सौदी अरेबियाने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शो जंपिंगचे सांघिक कांस्यपदक मिळवले, ते युरोपात तयार झालेले घोडे विकत घेऊनच. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या यानिका श्प्रुंगर हिचा पालुबे हा घोडा विक्रमी म्हणून गाजलेल्या किमतीला विकला गेला. तरीही दोनच वर्षांनी आखेन येथील युरोपीय स्पर्धेत स्विस संघाने कांस्यपदक पटकावले, आणि त्या संघात दुसऱ्या घोड्यावर तीच स्वार होती. ज्या देशाच्या पागेत पुढचा घोडा तयार असतो, त्याला एक विक्री सोसते, असा अर्थ मी लावतो.

घोडा न विकणे म्हणजे संघाचे भले, हेही सरसकट खरे दिसत नाही. ब्रिटनच्या निक स्केल्टनचा बिग स्टार मालकांनी राखला, आणि २०१२ मध्ये सांघिक सुवर्ण व २०१६ मध्ये रिओत, स्वार ५८ वर्षांचा असताना, वैयक्तिक सुवर्ण मिळाले. मात्र त्याच रिओत ब्रिटनचा संघ अंतिम फेरीतही पोहोचला नव्हता. त्याहून जुने उदाहरण मिल्टनचे आहे. मालकांनी जॉन व्हिटेकरच्या हाती सोपवलेला हा पांढरा घोडा विकला कधीच गेला नाही, पण १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला पाठवण्यास मालकांनीच नकार दिला. घोडा देशात असूनही संघाला मिळाला नाही! शेवटी घोडा मालकाचा असतो, महासंघाचा नसतो.

आता आमच्या घोड्याविषयी. खरेदीदाराचा स्वार त्याला पाहण्यास आला होता. आमचा घोडा उड्डाणापूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन ढांगांत लगाम आवळलेला खपवून घेत नाही. आवळला की मान वर टाकतो, पाठ पोकळ करतो आणि मागच्या खुरांनी दांडी पाडतो. भाची त्या ठिकाणी हात पुढे सोडते आणि केवळ मांडीच्या दाबाने त्याला धीर देते. पाहुणा स्वार तिच्यापेक्षा कितीतरी अनुभवी होता, बैठकही उत्तम होती, पण सवयीने त्याने लगाम धरून ठेवला आणि ज्या दुहेरी अडथळ्यावरून घोडा रोज आरामात जातो, तेथे दोन्ही दांड्या खाली आल्या. आमचे मोतद्दार खरारा हातात धरून कुंपणाशी उभे होते, ते एवढेच म्हणाले, "जनावर तेच हाय, हात बदलला." महिना-दोन महिन्यांत त्या स्वाराला हा घोडा उमगेल यात मला शंका नाही, तथापि मधल्या काळात जी जोडी जुळली होती ती मोडते आणि नवी जुळलेली नसते, हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसले.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत नाव झालेल्या जोडीतला एक बैल विकला गेला की उरलेला बैल आणि गाडीवान दोघेही हंगामभर मागे पडतात, तसेच हे आहे. म्हणून कोणी बैलमालकाला विक्री करू नको असे सांगत नाही, आणि सांगूही नये. चंदी, वैरण, नालबंदी, औषधपाणी आणि मोतद्दाराचा पगार हा खर्च दरमहा मालकच सोसत असतो. विक्रीचा मार्ग बंद केला तर उद्या नवा घोडा घेऊन तयार करण्यास कोण पुढे येईल?

म्हणून माझे मत असे होत चालले आहे की दोष विक्रीचा नाही, तो विक्रीच्या वेळेचा आहे, आणि आलेल्या पैशातून पुढचा घोडा उभा केला जात नाही याचा आहे. हे मत चुकत असेल तर कृपया कारणांसह सांगावे. दुसरी आणि अधिक निकडीची मदत करारनाम्याविषयी हवी आहे. आम्हा चौघांत आजवर सर्व काही तोंडी आहे. विक्रीचा हक्क अबाधित राहील, परंतु स्पर्धांच्या हंगामात जोडी फुटणार नाही आणि विक्री झालीच तर भाचीला पुढचा घोडा मिळण्याची सोय होईल, असा मसुदा कोणी केला आहे का? विसार घेण्यापूर्वी हे सारे कागदावर आणायचे आहे.

— करवीर पागा

प्रतिसाद १

आपला प्रश्न चांगला आहे, मात्र भारताच्या बाबतीत तो थोडा उलटा करून पाहावा लागेल. ऑलिम्पिकच्या पातळीवर आपण घोडे विकणारे नाही, घेणारे आहोत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फवाद मिर्झाने इव्हेंटिंगचे (ड्रेसाज, मैदानी धाव व शो जंपिंग अशा तिहेरी स्पर्धेचे) वैयक्तिक रौप्य मिळवले, तो सेन्योर मेडिकॉट हा घोडा पूर्वी जर्मनीच्या बेटिना हॉय यांच्याकडे होता आणि भारतीय उद्योगसमूहाने तो विकत घेतला होता. पुढे याच जोडीने टोकियो ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण मिळाले, तेव्हाही आपले स्वार व घोडे युरोपात राहून सराव करत होते. याचे एक कारण असे की भारतातून घोडा परदेशी स्पर्धेला नेणे रोगनियंत्रणाच्या नियमांमुळे फार जिकिरीचे होते. मेरठ येथे लष्कराच्या रिमाउंट व पशुवैद्यकीय केंद्रात घोड्यांसाठी रोगमुक्त विभाग तयार झाला असून त्याला २०२५ मध्ये जागतिक मान्यता मिळाली आहे. त्यामुळे ही अडचण पुढे कमी होऊ शकेल.

तेव्हा आपला घोडा बंगळुरूला गेल्याने देशाचा संघ दुबळा होईल, हे मेहुण्यांचे म्हणणे मला पटत नाही. घोडा देशातच राहतो आहे. नुकसान होईल ते आपल्या भाचीचे व आपल्या राज्याच्या संघाचे, आणि तेही क्षुल्लक समजू नये.

एक गोष्ट मात्र अनुभवाने जोडतो. मी लष्करात असताना पाहिले की तेथे घोडे सरकारी असल्यामुळे विक्रीचा प्रश्नच येत नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगची वैयक्तिक व सांघिक सुवर्णपदके लष्करी स्वारांनीच मिळवली. परंतु तेथेही जोड्या फुटतात. घोडा जागेवर राहतो आणि स्वाराची बदली होते. म्हणून आपण 'विक्री' या एकाच कारणाकडे न पाहता, जोडी किती काळ टिकवायची हे आधी ठरवावे.

— निवृत्त घोडदळ, पुणे

प्रतिसाद २

मी कोल्हापुरातच वकिली करतो, म्हणून करारापुरते लिहितो. कायद्याच्या दृष्टीने घोडा ही जंगम मालमत्ता आहे. वस्तुविक्री अधिनियम १९३० च्या कलम २८ नुसार, सहमालकांच्या परवानगीने वस्तू एकट्याच्याच ताब्यात असेल आणि त्याने ती विकली, तर व्यवहाराच्या वेळी त्याला विक्रीचा अधिकार नसल्याची कल्पना नसलेल्या व सद्भावनेने खरेदी करणाऱ्याला मालकी मिळू शकते. आपला घोडा कोणा एका भागीदाराच्या शेतावर बांधलेला असेल, तर तोंडी व्यवहार किती धोक्याचा आहे हे यावरून लक्षात येईल. चौघांच्या लेखी संमतीशिवाय विक्री होणार नाही, हे पहिले कलम असावे आणि त्याची प्रत खरेदीदारालाही दाखवावी.

त्यानंतर, बाहेरची मागणी आल्यास त्याच किमतीला घेण्याचा पहिला हक्क उरलेल्या भागीदारांना ठरावीक मुदतीपर्यंत द्यावा. हंगाम सुरू असताना विक्री ठरली तरी ताबा हंगाम संपल्यावरच द्यायचा, अशी अट घालता येते. खरेदीदार त्यासाठी किंमत थोडी पाडून मागेल, हे गृहीत धरा. मधल्या काळात घोडा लंगडा झाला तर तोटा कोणाचा, हे न लिहिलेले करार सर्वांत जास्त भांडणे लावतात. त्यामुळे विमा कोणाच्या नावाने व हप्ता कोणी भरायचा हे स्पष्ट असावे. स्वाराने घोडा घडवला असेल तर विक्रीच्या रकमेतील काही हिस्सा पुढच्या घोड्यासाठी वेगळा ठेवण्याचे कलम पूर्णपणे वैध आहे. वाद झाल्यास लवादाकडे जाण्याची तरतूदही करून ठेवा.

मूळ लेखकाचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. पुण्याच्या साहेबांचे म्हणणे मेहुण्यांना वाचून दाखवले. देशाच्या संघाचा मुद्दा त्यांनी सोडला, राज्याच्या संघाचा मात्र सोडलेला नाही, आणि त्यांचे तेवढे म्हणणे रास्त आहे. हंगाम संपल्यावर ताबा देण्याची अट खरेदीदाराला कळवली असता त्यांनी ती तत्त्वतः मान्य केली आहे. मात्र ताबा देण्याच्या दिवशी पशुवैद्यकाकडून पुन्हा पायांचे एक्स-रे काढून घेण्याचा त्यांचा आग्रह आहे. तो मलाही वाजवी वाटतो.

आता अडचण हिश्शाची आहे. पुढच्या घोड्यासाठी किती रक्कम वेगळी ठेवावी यावर चौघांचे चार आकडे आहेत. विक्रीच्या एकूण किमतीवर हिस्सा धरावा, की आजवरचा खर्च वजा करून उरलेल्या नफ्यावर? खर्चाची वही आमच्याकडे आहे, पण चंदी-वैरणीची पहिल्या वर्षाची बिले एका भागीदाराने ठेवलेली नाहीत. सामायिक मालकीचा घोडा ज्यांनी विकला आहे, त्यांनी हा हिशोब कसा मिटवला ते सांगितल्यास रविवारच्या बैठकीपूर्वी मसुदा पुरा करता येईल.